गुलाब मेश्रामचा आवाज

नीला मेश्रामला सिनेमाचा शौक नव्हता. शौक होता तिच्या नवऱ्याला. गुलाब गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये फिटर होता आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारात जवळपास दर रविवारी त्यानं तिला टॉकीजमध्ये नेऊन बसवलं. तिला पडद्यापेक्षा मध्यंतरातला समोसा जास्त आवडायचा. हे ती त्याला तोंडावर सांगायची.

"तू समोसा खा. पिच्चर मी पाहतो," तो म्हणायचा.

गोंदियाला लागूनच, कुडव्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. चौकात श्यामलालचा पानठेला. गुरुवारी संध्याकाळी मिलमधून परतताना गुलाब तिथं गाडी लावायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणकोणते पिच्चर लागणार त्याची चर्चा सुरू व्हायची. चर्चा म्हणजे काय, बाकीचे विचारायचे आणि गुलाब सांगायचा.

"गुलाबभाऊ, इस हफ्ते कौनसा देखें?" श्यामलाल विचारायचा.

"त्या मोठ्यावाल्याले जाऊ नको. तीनदा तारीख बदलली त्याची. पिच्चर बनून तयार असते त तारीख कायले बदलते? आत कोनीतरी कैची घेऊन बसला हाय."

हीरो कोण हे तो बघतच नसे. पोस्टरवर निर्माते म्हणून किती नावं छापलीत ते मोजायचा. दोन असली तर ठीक, पाच असली की मान हलवायचा. पाच जणांनी ढवळलेली भाजी कोणाच्याच चवीची होत नाही, असं त्याचं म्हणणं. डायरेक्टरनं एक पिच्चर बनवलेला असतो, कंपनीला दुसरा हवा असतो, आणि आपल्यापुढं येतो तो तिसराच.

टॉकीजच्या अंधारात तो नीलाला कोपरानं ढोसायचा. "पाह्य, आताच केस कानावर होते, आता कापले. हा तुकडा मागून जोडला." कधी म्हणायचा, "होठ पाह्य त्याचे. होठ एक बोलून राहिले, आवाज दुसरंच बोलून राहिला. डायलॉग बदलला यायनं." नीला समोसा खात हो-हो करायची. पण अठ्ठावीस वर्षं कोणी कानाशी असं बोलत राहिलं तर न शिकताही माणूस शिकतोच. तिलाही पुढं पुढं ते सांधे दिसू लागले. तिनं ते त्याला कधी कळू दिलं नाही.

वीरेंद्र कटरे त्यांच्या घरात आला तो अशाच एका बोलण्यातून. आमगावकडचा पोवारांचा पोरगा, पुण्यात सिनेमा शिकून आलेला. त्यानं बनवलेली वीस मिनिटांची फिल्म शहरातल्या एका सभागृहात दाखवली. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणाला काही विचारायचं आहे का, असं त्यानं विचारलं. गुलाब उठला.

"फिल्म चांगली हाय. पन शेवट तुमचा नाई वाटत."

कार्यक्रम संपल्यावर वीरेंद्र गर्दीतून वाट काढत गुलाबला गाठायला आला. "काकाजी, तुम्हाला कसं कळलं?"

"वीस मिनिटं तुम्ही चूप राहिले, अन् शेवटी एकदम भाषण देऊ लागले. तुम्ही भाषण देनारे वाटत नाई."

तो शेवट पैसा लावणाऱ्याच्या हट्टानं जोडला होता. त्या दिवसापासून वीरेंद्र गोंदियात आला की कुडव्याला येऊन बसायचा. दोघांचं जमलं. आणि दोन वर्षांनी, स्वतःचा पहिला मोठा पिच्चर करायला घेतला तेव्हा त्यानं गुलाबला बापाचं काम दिलं.

तेंदूपत्ता तोडणारा एक बाप आणि शहराकडं निघालेली त्याची पोरगी, अशी गोष्ट होती. नाव ठेवलं होतं 'पुडका', तेंदूच्या पानांची जुडी बांधतात तो. बाप अख्ख्या पिच्चरमध्ये फारसं बोलत नाही. पोरगी निघते त्या सकाळी मात्र पुडके बांधता बांधता एकदाच, चार मिनिटं बोलतो.

ती चार मिनिटं गुलाबनं महिनाभर घरात घोटली. पोरीचं काम नीलाकडं. ती पोळ्या लाटायची, तो दाराशी बसून म्हणायचा:

"पोरी, जाऊन राहिली त जाय. मी कायले अडवू? तुझी माय गेली, तेव्हा बी मी अडवलं नाई. पन जाता जाता एकडाव मांगं पाह्य. मांगं पाहिल्यानं पाय अडकत नाई."

"लई हळू बोलून राहिले तुम्ही," नीला म्हणायची. "टॉकीजमध्ये कोनाले ऐकू जाईन?"

"बाप असाच बोलते."

त्याचा आवाज मुळातच खाली होता. तीस वर्षं कोंड्याची धूळ छातीत गेलेली, त्यानं जरा खरबरीत झालेला. वाक्याचा शेवट तो अर्धा गिळायचा. 'नीला' म्हणताना 'ला' कुठंतरी घशातच राहून जायचा. पंधरा ऑगस्टला चौकात नाही तर चौदा एप्रिलला विहारात बोलायला उभा राहिला की लोक बोलणं थांबवून ऐकायचे, ते आवाज मोठा होता म्हणून नव्हे, तर थांबल्याशिवाय ऐकूच यायचा नाही म्हणून.

मे महिन्यात सालेकशाच्या जंगलात शूटिंग झालं. मिलमधून सुट्टी काढून तो अकरा दिवस तिकडं राहिला. परत आला तो रापून, पानांच्या डागांनी बोटं काळी करून. वीरेंद्रनं तो सीन त्याला लॅपटॉपवर दाखवला होता. कसा झाला, असं नीलानं विचारलं, तर म्हणाला, "सांगत नाई. तू टॉकीजमध्येच पाहायचा. त्या दिवशी समोसा नाई."

जानेवारीत एका सकाळी मिलमध्येच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. छप्पन्न वर्षांचा होता. विहारात पुण्यानुमोदन झालं, भंतेजी आले, वंदना झाली. मिलमधले लोक आले, पानठेल्यावरचे सगळे आले. वीरेंद्र मुंबईहून आला आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसून राहिला.

त्याच गडबडीत नीलाचा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला. दुकानदारानं तो सुरू करून दिला, पण म्हणाला, "फॉर्मेट मारना पड़ा, आंटी." नंबर परत आले. गुलाबचे मेसेज आले नाहीत. त्याला टाइप करता येत नसे, म्हणून तो बोलूनच मेसेज पाठवायचा. नीला, आज उशीर होते. नीला, टमाटर आनू का. असे शेकडो होते. कधी परत ऐकायचे म्हणून कोणी ठेवत नाही, ते आपले पडून असतात.

मुलगी पिंकी नागपुरात एका लॅबमध्ये काम करते. तिनं सगळ्या नातेवाइकांकडून व्हिडिओ मागवले. तिच्या लग्नातले होते, पण त्यात गुलाब बोलतोय आणि वर डीजे वाजतोय. एका वाढदिवसाच्या व्हिडिओत तो केक कापणाऱ्या पोरांमागं उभा राहून नुसता हसतो. पिंकीशी तो रोज बोलायचा, पण फोन करून. फोनवरचं बोलणं कुठं राहतं?

"राहू दे," नीला लेकीला म्हणाली. "पिच्चरमध्ये आहे तो."

हे ती सगळ्यांनाच सांगू लागली. पिच्चर एप्रिलमध्ये लागणार होता. मग वीरेंद्रनं फोन करून सांगितलं, जूनमध्ये. जूनमध्ये म्हणाला, एका मोठ्या कंपनीनं पिच्चर घेतला, जरा काम चालू आहे, आता ऑगस्ट. ही तिसरी तारीख ऐकली तेव्हा पानठेल्यावरचं गुलाबचं बोलणं नीलाला आठवलं. तिनं ते मनातून ढकलून दिलं. वीरेंद्र घरचाच पोरगा होता.

गोंदियात हिंदीच जास्त चालतं. मराठी पिच्चर आला तर एखाद्या खेळापुरता. हाही रोज दुपारी बारा वाजता, एकच खेळ. शुक्रवारी पिंकी नागपूरहून आली. गल्लीतले नऊ जण निघाले. शेजारच्या सुशीलाबाई नवं लुगडं नेसून आल्या, श्यामलालनं ठेला बंद ठेवला.

टॉकीजबाहेरचं पोस्टर पाहून नीला थांबली. 'पुडका' कुठंच नव्हतं. नव्या नावात रान होतं आणि रक्तही होतं. मधोमध बंदूक घेतलेला एक पोलीस, तो गोष्टीत आधी नव्हताच. खाली निर्मात्यांची नावं. तिनं मोजली नाहीत. न मोजताही दिसत होतं.

आत बसल्यावर अर्धा तास गुलाब आलाच नाही. मग आला. डोक्याला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड, जंगलातून चालत समोर येणारा. नऊच्या नऊ जणांनी एकदम श्वास घेतला. सुशीलाबाई रडायलाच लागल्या. पडद्यावरचा गुलाब पोरीजवळ थांबला, त्यानं तोंड उघडलं.

"अगं बाळ, इतक्या उशिरापर्यंत कुठे होतीस?"

हे कोणीतरी दुसरंच बोललं होतं.

नीलाला आधी वाटलं, टॉकीजच्या मशीनचा दोष असेल. पुढं पोलीस नीट बोलला, पोरगी नीट बोलली. पुन्हा गुलाब बोलला, पुन्हा तोच आवाज. भारदस्त, गोल, प्रत्येक शब्द शेवटपर्यंत म्हणणारा. पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या चांगल्या शिकलेल्या माणसाचा. पिंकीनं तिचा हात धरला. दोघी एकमेकींकडं न बघता समोर बघत राहिल्या.

मग ती सकाळ आली. गुलाब अंगणात बसून पुडके बांधत होता, बोटं भराभर चालत होती. नीला त्याच्या ओठांकडं बघत होती. ओठ म्हणत होते, पोरी, जाऊन राहिली त जाय. तिला एकेक अक्षर दिसत होतं, तिनंच तर पोळ्या लाटता लाटता ऐकलेलं. आणि आवाज म्हणत होता, "जा बाळ. मी तुला अडवणार नाही. पण लक्षात ठेव, या मातीला विसरू नकोस." चार मिनिटांचं मिनिटभर केलं होतं. मागं पाहण्याचं वाक्य कापलं होतं. त्या जागी बंदुकीचा आवाज झाला आणि पोलीस धावत आला.

बाहेर आल्यावर लोक डोळे पुसत होते. "किती छान दिसले भाऊ," सुशीलाबाई म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "आवाज जरासा वेगळा वाटला ना? माईकमध्ये होते तसं."

"हो," नीला म्हणाली. "माईकमध्ये होते तसं."

पण एक गोष्ट तिनं पिंकीलाही सांगितली नाही. पिच्चरमध्ये एका जागी गुलाब दुरून पाठमोरा चालतो आणि वाटेत आलेल्या बकऱ्यांना हाकलतो. "हुर्र, हुर्र. होय बाजूले." एवढंच. तो तुकडा बदलायचा राहून गेला होता. तोंड दिसत नव्हतं, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नसेल. ते 'बाजूले' गुलाबचं होतं. शेवट अर्धा गिळलेला.

शनिवारी पिंकी नागपूरला गेली आणि नीला साडेअकराला एकटीच टॉकीजला निघाली. रविवारी पुन्हा गेली. सोमवारीही. तो तुकडा पिच्चर सुरू झाल्यावर तासाभरानं येतो. त्याच्या आधी आणि नंतर तो परका आवाज सहन करावा लागायचा. ती डोळे मिटून बसायची, कान झाकून बघायची, पण कान झाकून किती वेळ बसणार? बकऱ्यांची वेळ चुकेल अशी भीती. तो तीन सेकंदांचा 'हुर्र' आला की ती पुढं सरकून बसायची. मग संपला की मागं टेकायची.

मंगळवारी सकाळी ती चहा करत होती. दोन कप काढायची सवय मोडली नव्हती, एक परत ठेवताना तिला गुलाब आठवला. दारात बसून, बनियनवर, चहा मागणारा. "नीला, चहा झाला का?"

आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. आठवणीतला गुलाब त्या दुसऱ्या माणसाच्या आवाजात बोलला होता. गोल, भारदस्त. 'नीला'मधला 'ला' पूर्ण.

तिनं दुसरं काही आठवून पाहिलं. पिंकीच्या जन्माच्या वेळी तो दवाखान्याच्या खिडकीतून काय बोलला होता ते. भांडणात काय बोलायचा ते. शब्द सगळे होते. आवाज सगळीकडं त्याच माणसाचा. चार दिवस रोज तीन तास ती तो ऐकत होती, आणि तो तिच्या घरात शिरून गुलाबच्या जागी बसला होता. चहा उतू गेला.

त्या दिवशी ती टॉकीजला गेली नाही. गुरुवारी पिच्चर उतरला.

शुक्रवारी दुपारी वीरेंद्र आला. रिलीजच्या दिवशी आला नव्हता, फोनही उचलत नव्हता. दाढी वाढलेली, डोळे खाली. नीलानं पाणी दिलं. तो हातात पेला धरून बसला, प्यायला नाही.

"काऊन केलं बेटा असं?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

"मी नाही केलं, काकू. पण मी होऊ दिलं." तो थांबत थांबत बोलू लागला. "कंपनीनं पिच्चर घेतला, मग काही लोकांना बसवून दाखवला. कागद देऊन मतं लिहून घेतली. सोळा जणांनी लिहिलं की बापाची भाषा समजत नाही."

"सोळा जनानं?"

"हो."

"अन् बाकीच्यायनं?"

"बाकीच्यांनी त्याबद्दल काही लिहिलंच नाही." त्यानं मान खाली घातली. "मी खूप भांडलो. ते म्हणाले, साध्या मराठीत करून घ्या, त्यांनाच बोलवा. काका नव्हते. मग त्यांनी माणूस आणला. माणूस चांगला होता, काकू. मन लावून केलं त्यानं."

"त्याचा काय दोष."

मग नीलानं ते विचारलं, जे आठवडाभर तिच्या मनात होतं. "यायचा, पिंकीच्या बाबाचा, खरा आवाज कुठी हाय?"

"कंपनीकडं. सगळ्या डिस्क देऊन टाकाव्या लागल्या. मी चार वेळा मागितला. म्हटलं, पिच्चरसाठी नको, घरच्यांसाठी द्या. उत्तर नाही आलं."

"तुझ्याजवळ काहीच नाई?"

वीरेंद्रनं पेला खाली ठेवला.

"होतं," तो म्हणाला. "एक कॉपी होती माझ्याकडं. कंपनीच्या करारावर सही करताना लिहून द्यावं लागलं की माझ्याजवळ आता काही नाही. मी खोटं लिहू शकलो असतो. कोण बघायला येणार होतं? पण मी घाबरलो, काकू. हा पिच्चर गेला असता तर दुसरा कोणी दिला नसता. घरी बसून मी स्वतः पुसलं. तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही की तुमच्याकडं त्यांचा आवाजच उरला नसेल."

नीला त्याच्याकडं बघत होती. तिला राग येईल असं वाटलं, तो आला नाही. तिच्याही मोबाईलमध्ये शेकडो मेसेज होते आणि ते ठेवावेत असं तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण त्याला बरं वाटावं म्हणून हे बोलून दाखवण्याएवढं बळ तिच्यात नव्हतं.

"मला त्यांचं सगळं पाठ आहे," वीरेंद्र एकदम म्हणाला. "त्या चार मिनिटांतला एकेक शब्द. कुठं थांबले, कुठं श्वास घेतला, सगळं. म्हणून दाखवू?"

"नको."

"काकू, एकदाच."

"नको म्हनतलं ना." ती उठून दाराशी गेली. "एक आवाज आधीच डोक्यात बसला हाय बेटा. आता तुझा नको टाकू वरून."

तो गेला तेव्हा ती दारापर्यंत गेली, एवढंच. नंतरही त्याचे फोन येत राहिले. कंपनीतला माणूस बदलला, नव्यानं आवाज शोधतो म्हटलं, मग तोही बदलला. वीरेंद्रनं दुसरा पिच्चर घेतला नाही, गावी आहे, असं कोणीतरी सांगितलं. नीलानं चौकशी केली नाही.

ऑक्टोबरात तो पिच्चर मोबाईलवर आला. पिंकीनं घरी आल्यावर हवा तो तुकडा काढून देते म्हटलं, तेव्हा कुठं नीलानं तिला बकऱ्यांचं ते 'हुर्र' सांगितलं. पिंकीनं शोधून काढला. त्यावर आता बासरी वाजत होती. मोबाईलसाठी आवाजाचं काम पुन्हा केलं होतं म्हणे.

"आई, आवाज बंद करून बाबांना बघ ना नुसतं," पिंकी म्हणाली. तिनं आवाज पूर्ण घालवून मोबाईल आईच्या हातात दिला. नीलानं बघितलं. गुलाब पुडके बांधत होता, ओठ हलत होते, आणि मोबाईल मुका असतानाही तिला तोच माणूस ऐकू येत होता. तिनं मोबाईल परत दिला.

आता ती त्याला आठवायला जात नाही. आठवायला गेलं की तो दुसरा येतो, हे तिला कळलं आहे. घरातलं काम करते, शिवणाचे कपडे घेते, संध्याकाळी विहारात जाऊन बसते. डिसेंबरात एका दुपारी ती अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. मनात काहीच नव्हतं, उद्या डाळीत टमाटर घालायचे की नाही एवढंच. आणि एकदम मागून, दारातून आल्यासारखं ऐकू आलं.

नीला.

'ला' घशातच राहिलेला.

ती हलली नाही. सुपातला हात सुपातच राहिला. पुन्हा येईल म्हणून ती श्वास रोखून बसली. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं. पलीकडून सुशीलाबाईंनी हाक मारली, काय करून राहिली वो, म्हणून. नीलानं ओ दिली नाही.